हातचा किती दिवस घेणार?

प्रिय ताई,

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या मासिकाची संपादक आहे, नाटकाच्या गटात आहे, वार्षिक महोत्सवाच्या समितीत आहे आणि वर्गाची प्रतिनिधी, म्हणजे सीआरही आहे. आठवड्यातून तीन दिवस इंटर्नशिप करते, त्या पैशातून माझी फी निघते. एक ऑनलाइन कोर्स चालू आहे. शनिवार-रविवार लहान मुलांना शिकवायला जाते. त्यातला एक मुलगा हातच्याच्या वजाबाकीला फार घाबरायचा. परवा त्याने एकट्याने पाच गणितं सोडवली आणि वही माझ्यासमोर धरून नुसता उभा राहिला. तेवढा वेळ मला बरं वाटलं.

बाकी आठवडाभर मी पाच तास झोपते आणि सगळीकडे उशिरा पोचते. नाटकातल्या लोकांचा हल्ली उगाच राग येतो. अभ्यासाला बसते, पण पान उलटलं की मागचं आठवत नाही. गेल्या मंगळवारी बसमध्ये माझा थांबा आला आणि मी उतरलेच नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं, कुणी काही मागत नव्हतं. अर्धा तास बाकावर बसून राहिले.

सोबत माझं वेळापत्रक पाठवते आहे, सहा रंगांत केलंय. कुठे चुकतंय ते सांग. एखादं चांगलं ॲप आहे का? पहाटे चारला उठायला लागू का? बाकीच्यांना सगळं जमतं, मग मलाच का नाही? आणि 'सगळं सोडून दे' असं मात्र सांगू नकोस. सोडलं तर मी म्हणून माझ्याकडे काय उरेल?

— सहा रंगांची



प्रिय सहा रंगांची,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना त्या बसच्या बाकापाशीच थांबले, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

थांबा आला आणि पाय उचलले नाहीत, ही गोष्ट किरकोळ समजू नकोस. एक प्रश्न विचारते, त्याचं खरं उत्तर दे. मला नको देऊस, स्वतःला दे. मुलांच्या वर्गात जे बरं वाटतं ते अजून वाटतं आहे ना? की तेही विझत चाललंय? गेले दोन आठवडे जवळजवळ रोज मन जड राहत असेल, भूक मेली असेल, वेळ मिळूनही झोप लागत नसेल, किंवा 'आपण नसलो तर बरं' असा विचार एकदाही येऊन गेला असेल, तर हे पत्र इथेच बाजूला ठेव आणि आजच घरच्या कुणाला तरी सांगून डॉक्टरांकडे किंवा कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा. नैराश्य आणि कामाचा थकवा बाहेरून सारखेच दिसतात, आणि लांबून पत्र वाचून त्यांतला फरक सांगणं मला शक्य नाही. समुपदेशकाला भेटायला आजारीच असावं लागतं असं नाही. यातलं काही नसेल आणि पत्रातलं पुढचंच तुला लागू पडत असेल, तरी एकदा भेटून ये, असंच मी म्हणेन.

आता वेळापत्रकाकडे येते. रविवारी दुपारी ते समोर घेऊन मी बेरीज करत बसले होते. तू ते इतकं नीट आखलंस, पण बेरीज केलीच नाहीस.

आठवड्याचे तास १६८. झोपेचे रोज आठ धरले तर ५६ गेले. तू पाच लिहिले आहेस, पण तुझ्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते, म्हणून आठच धरते. आंघोळ, जेवणखाण, कपडे, आवराआवर यांचे रोज तीन म्हणजे २१. प्रवासाचे ९. तासिका आणि प्रॅक्टिकल मिळून २६. अभ्यासाला तू १८ दिलेस, ते तसेच ठेवते. हे सगळं वजा केल्यावर हातात राहतात ३८ तास. आणि या ३८ तासांत तू काय बसवलं आहेस? इंटर्नशिप १५, नाटक १२, समिती १०, मासिक ८, मुलांचा वर्ग जाण्यायेण्यासकट ६, कोर्स ५, सीआरची कामं ३. एकूण ५९.

म्हणजे आठवड्याला २१ तास जास्तीचे, दिवसाला तीन. ते येतात कुठून, हे तुझ्याच पत्रात आहे. आठातून तीन गेले की पाच उरतात, आणि तू पाचच तास झोपतेस.

म्हणून 'कुठे चुकतंय' याचं माझं उत्तर असं की तुझी शिस्त चुकत नाहीये, चिकाटी तर अजिबात कमी पडत नाहीये. तू त्या मुलाला जे शिकवतेस तेच स्वतः रोज करते आहेस. या घरात कमी पडलं की शेजारच्या घरातून हातचा घ्यायचा. फक्त हातचा घेतला की शेजारचा आकडा एकने कमी करायचा असतो, हे तू त्याला नक्की दहा वेळा सांगितलं असशील. झोपेच्या घरातला आकडा तू कमी केलेला नाहीस, पण शरीराने केला आहे. पान उलटलं की मागचं आठवत नाही, ते त्यामुळेच. वाचलेलं पक्कं बसायचं काम बऱ्याच अंशी झोपेतच होतं. तेव्हा पहाटे चारला उठू नकोस. तो आणखी एक हातचा होईल.

ॲपही घेऊ नकोस. ३८ तासांत ५९ बसवून देणारं ॲप निघालेलं नाही.

तू अडचणीत असूनही मला 'आणखी काय करू' असंच विचारलंस, याचं मला नवल वाटलं नाही. माणसाचं मन तसंच चालतं. २०२१ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर प्रयोग केले होते. एका प्रयोगात लोकांना लेगोच्या ठोकळ्यांची एक डळमळीत रचना दिली आणि ती भक्कम करायला सांगितलं. ठोकळा जोडायचा तर पैसे कापले जाणार होते, आणि एकच ठोकळा काढला तरी काम होणार होतं. तरी निम्म्याहून अधिक लोक ठोकळे जोडतच बसले. 'काढायला पैसे पडत नाहीत' अशी आठवण करून दिली तेव्हा काढणाऱ्यांची संख्या वाढली. काढून टाकणं त्यांना नको होतं असं नाही, ते सुचलंच नव्हतं. माझं हे पत्र म्हणजे तेवढी आठवण आहे असं समज.

'बर्नआउट', म्हणजे कामाने पार थकून रिकामं होणं, हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. तो मानसशास्त्राच्या चर्चेत आणला हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, १९७४ मध्ये, आणि तो आला कुठून हे तुला मुद्दाम सांगते. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात ते दिवसभराचं काम संपवून संध्याकाळी स्वयंसेवक म्हणून राबत. तिथल्या सोबत्यांमध्ये आणि स्वतःमध्ये त्यांना हे दिसलं. ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं, जे मनापासून आले होते, तेच एकेक करून रिकामे होत गेले. पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅसलॅक यांनी त्याची तीन अंगं सांगितली. पहिलं, थकवा. दुसरं, ज्या कामासाठी आणि माणसांसाठी जीव टाकला त्यांच्याबद्दलच तुटलेपणा किंवा चीड. तिसरं, आपल्या हातून काही नीट होतच नाही ही भावना. तुझ्या पत्रातली तीन वाक्यं मी त्यांच्यापुढे ठेवली: पाच तासांची झोप, नाटकातल्या लोकांचा राग, 'मलाच का जमत नाही'. तिन्ही जुळतात. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार म्हणत नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणते. म्हणजे दुरुस्ती फक्त तुझ्यात करून भागणार नाही, कामाच्या बोज्यात करावी लागेल.

'बाकीच्यांना सगळं जमतं' हे वाक्य मात्र मला पटलं नाही. हे बाकीचे कोण, त्यांची नावं एका कागदावर लिहून बघ. मासिकातली मैत्रीण मासिकात उत्तम असते, कारण ती फक्त मासिक करते. नाटकातला मुलगा तालमीला कधी चुकत नाही, कारण त्याला दुसरीकडे कुठे जायचंच नसतं. वर्गात पहिला येणारा यातलं काहीच करत नाही. तू या पाच-सहा जणांना जोडून मनात एक माणूस तयार केला आहेस आणि रोज त्याच्याशी बरोबरी करते आहेस. तसा माणूस तुझ्या कॉलेजात नाही.

आता सोडायचं कसं? 'सगळं सोड' असं मी म्हणणार नाही, तू नको म्हणालीस म्हणून नाही, तर ते खरंच बरोबर नाही म्हणून. इंटर्नशिप सोडायची नाही. तिच्यातून फी निघते. ज्याला पर्याय नाही त्यावर विचार करून मन शिणवू नकोस. मुलांचा वर्गही सोडू नकोस असं मला वाटतं. तुझ्या पत्रात सहा गोष्टींना मिळून तीन-चार ओळी आल्या, आणि त्या एका मुलाला तेवढीच जागा मिळाली. सहा तास घेऊन आठवडाभराचं बळ देणारं काम महाग नाही.

ऑनलाइन कोर्स आज, हे वाचून झाल्यावर सोड. त्यात कुणी तुझ्यावर अवलंबून नाही, कुणाला सांगायचं नाही, कुणी रुसणार नाही. पैसे भरले असतील तर ते गेलेच आहेत, त्यांच्या मागे आणखी तास घालवून ते परत येणार नाहीत. सीआरचं काम वर्गातल्या दुसऱ्या कुणाला दे. असं काम आवडीने करणारं कुणीतरी असतंच, विचारलं की पुढे येतं. राहिली समिती. ती सोडायला सगळ्यांत अवघड आहे, आणि तीच सोडायची आहे. या तिन्हींचे मिळून १८ तास मोकळे होतील.

२१ भरायला अजून तीन तास कमी आहेत, म्हणजे नाटक किंवा मासिक यांतलं एक जाणार. पण ते आत्ता ठरवू नकोस, अशी माझी कळकळीची विनंती आहे. थकलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट रद्द झाली की सुटल्यासारखंच वाटतं. त्या सुटकेवरून आवडनिवड कळत नाही. नाटकातल्या लोकांचा तुला येणारा राग नाटकाचा आहे की झोपेचा, हे आज तुलाही सांगता येणार नाही. आधी ते तीन सोड, दोन आठवडे साडेसात-आठ तास झोप, आणि मग बघ. तालीम रद्द झाल्याचा निरोप आल्यावर हिरमोड झाला तर नाटक ठेव. अंकाचं काम पुढे गेल्यावर चुकचुकलीस तर मासिक ठेव.

पण जे सोडशील ते पूर्ण सोड. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे मी स्वतः चुकले आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मीही अशीच दमले होते आणि एका गटातून 'अर्धी' बाहेर पडले. पद सोडलं, पण 'लागलं तर विचारा' म्हणून सगळ्या निरोपांत राहिले. लागलं तर म्हणता म्हणता रोजच लागायला लागलं. काम तेवढंच राहिलं, फक्त ठरवण्याचा अधिकार गेला. दोन महिन्यांनी मी चिडून सगळ्यांशी भांडून निघाले, आणि त्यातली एक मैत्री कायमची तुटली. पहिल्याच दिवशी नीट निरोप घेतला असता तर ती राहिली असती असं मला आजही वाटतं.

प्रत्येक जबाबदारीचा एक न दिसणारा भार असतो, आणि तो तासांत मोजला जात नाही. तिचा ग्रुप, तिचे निरोप, तिच्या तारखा, 'अरे, ते राहिलंच' म्हणून मध्येच दचकणं. दहा तासांचं काम पाच तासांवर आणलंस तरी हा भार अर्धा होत नाही, जवळजवळ तेवढाच राहतो. सोफी लेरॉय यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसलं की एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याकडे वळला तरी त्याचं थोडं लक्ष मागच्या कामातच अडकून राहतं आणि पुढचं काम बिघडतं. सहा ठिकाणी थोडी थोडी अडकलेली तू अभ्यासाच्या पानापर्यंत किती पोचत असशील? म्हणून सगळ्यातून थोडं थोडं कमी करू नकोस.

समितीला काय सांगायचं तेही लिहून देते. तुझ्या शब्दांत बदलून घे, पण लांबवू नकोस:

'मी समितीतून बाहेर पडते आहे. माझ्याकडे कोणती कामं आहेत, कुणाशी काय बोलणं झालंय, कुठे काय अडलंय आणि कोणत्या तारखा जवळ आल्या आहेत, हे सगळं मी लिहून काढलं आहे. येत्या दोन आठवड्यांत ज्याच्याकडे हे द्यायचं त्याला समोर बसून समजावून देईन. त्यानंतर मी ग्रुपमधून निघेन.'

यात 'सॉरी' एकदा घातलंस तर चालेल, पाचदा नको. कारणांची यादीही देऊ नकोस. कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा सुचवतो: 'मग फक्त एवढंच कर', 'मग आठवड्यातून एकदाच ये'. तू भिडस्त आहेस, हे पत्रावरून कळतं, आणि तिसऱ्या तोडग्याला तू हो म्हणशील. निरोप एकदम ग्रुपवरही टाकू नकोस. आधी जो प्रमुख असेल त्याला प्रत्यक्ष भेटून सांग. तो रागावेल कदाचित. रागावू दे. त्याचंही काम वाढणार आहे, त्याचा राग खोटा नाही. पण हस्तांतर नीट केलंस तर तो महिन्याभरात निवळेल. महोत्सवाच्या ऐन आठवड्यात कोसळलीस तर समितीचं नुकसान याहून मोठं असेल.

हे सगळं करून मासिक ठेवलंस तर तुझ्याकडे आठवड्याला नऊ तास उरतील, नाटक ठेवलंस तर पाच. ते तास भरू नकोस. तुला ते 'वाया' वाटतील, हे मला आत्ताच दिसतंय. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पदवीच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल. सरासरी अंदाज आला ३४ दिवस. लागले ५५. सगळं बिघडलं तर किती लागतील, असंही विचारलं होतं. तो अंदाजही ४९ वरच थांबला. तेव्हा मासिकाचे तू धरलेले आठ तास अंकाच्या आठवड्यात बारा-तेरा होतील, तालमी प्रयोगाआधी लांबतील, मध्येच ताप येईल. ती मोकळी जागा त्यासाठी आहे. आणि ज्या आठवड्यात काहीच बिघडणार नाही, त्या आठवड्यात बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत ठरवून जा आणि बाकावर बसून ये.

नवीन कामं येत राहतीलच, कारण तू काम चांगलं करतेस. लोक विचारतात तेव्हा काम दोन महिन्यांनंतरचं असतं, आणि दोन महिन्यांनंतर आपण मोकळे असू असं प्रत्येकालाच वाटतं. पैशाच्या बाबतीत आपण इतके आशावादी नसतो, वेळेच्या बाबतीत असतो. यावर गॅल झॉबरमन आणि जॉन लिंच यांनी २००५ मध्ये काम केलं आहे. मी स्वतः एक प्रश्न वापरते: हेच काम उद्या सकाळी असतं तर मी हो म्हटलं असतं का? उद्यासाठी नाही असेल, तर दोन महिन्यांनंतरसाठीही नाहीच म्हणते. आणि उत्तर त्याच क्षणी देत नाही. 'परवा सांगते' एवढं म्हणायची सवय लावून घे, बाकीचं आपोआप सोपं जातं.

शेवटी तू विचारलंस, सोडलं तर मी म्हणून काय उरेल. या प्रश्नावर मी दोन दिवस थांबले. तुला खोटा दिलासा द्यायचा नाही. पहिले काही आठवडे रिकामं वाटेल. कॉलेजच्या आवारात कुणी हाक मारून 'अगं, ते झालं का?' विचारणार नाही, आणि ते बोचेल. हात सारखा फोनकडे जाईल. आपण कुणाला लागतच नाही, असंही एखाद्या संध्याकाळी मनात येईल. तसं झालं तर घाबरून परत समितीत जाऊ नकोस. कुणाजवळ तरी बोल, घरी बोल, मला लिही.

पण एक गोष्ट तुझ्याच पत्रातून तुला परत करते. तुला बरं कधी वाटलं, ते तू लिहिलं आहेस. तिथे तू संपादक नव्हतीस, सीआर नव्हतीस, समितीत नव्हतीस. एका घाबरणाऱ्या मुलाशेजारी बसून, तो चुकला तरी न रागावता, पुन्हा पहिल्यापासून सांगणारी मुलगी होतीस. ती कोणत्याही पदाशी बांधलेली नाही. तिला झोप मात्र हवी आहे.

आज कोर्स बंद कर. उद्या सीआरचं बघ. या आठवड्यात समितीच्या प्रमुखाला भेट. दोन आठवड्यांनी नवीन वेळापत्रक पाठव. या वेळी रंग नको, फक्त खाली बेरीज लिहून पाठव. आणि तो मुलगा आता तीन आकडी वजाबाकी करायला लागला का, तेही लिही. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

तुझी,
ताई